गोष्टीच्या घरी पाहुणा

उस्ताज मुतलककडे इंग्रजी शिकायला येणाऱ्याला आधी काम पडे. कुणी कॉफी कुटायची, कुणी विहिरीवरून पाण्याचे कॅन भरून आणायचे, कुणी चुलीसाठी काटक्या गोळा करायच्या. फी नव्हती. पण रिकाम्या हातांनी बसणारा रिकाम्या डोक्यानंच उठतो, असं त्याचं मत होतं आणि ते बदलायची कुणाची छाती नव्हती. हात गरम झाले की मग धडा.

मआन शहराहून पूर्वेला वाळवंटात शिरणाऱ्या रस्त्यावर उम्म रतम ही वस्ती. सरकारनं सिमेंटची घरं दिली तेव्हा लोकांनी ती घेतली आणि शेजारी आपापले काळे तंबूही उभे ठेवले. मुतलकच्या घरात पलंग होता, फ्रिज होता. शिकवणी मात्र तंबूत. एका अंगाला मुलगे बसत. मधली कनात कमरेइतकी गुंडाळलेली असे, आणि तिच्या पलीकडे त्याची बायको फिद्दा उलट्या तव्यावर पातळ रोट्या टाकत असे. मुली तिच्या बाजूला. धडा सगळ्यांना सारखाच ऐकू येई, आणि रोटीचा वासही.

सकाळी तो वस्तीच्या शाळेत मास्तर. दुपार कलली की तंबूत. तो स्वतः इंग्रजीत दोनदा आपटला होता. बाप उंटांमागे फिरणारा, घरात कागदाचा चिटोरा नाही. तरुणपणी एका पंपावर पहारेकरी होता तेव्हा तो काठीनं वाळूत शब्द लिहून पाठ करी. फळा मोठा होता आणि पुसायला वारा फुकट होता. तिसऱ्या खेपेला पास झाला. म्हणून "मला जमत नाही" हे वाक्य त्याच्यापुढे चालत नसे. "किती वेळा केलंस?" एवढंच तो विचारी.

काळ शिकवायला तो मुलांना तंबूबाहेर नेई.

"हा माग बघा. उंट दिसतो?"

"नाही, उस्ताज."

"माग दिसतो?"

"दिसतो."

"मग उंट गेला आहे. आणि परवा वावटळीच्या आधी जो गेला तो?"

"तो गेला."

"त्याचा माग?"

"पुसला."

"झालं तर. इंग्रजांनाही एवढंच म्हणायचंय. माग उरला असेल तर एक रूप, पुसला असेल तर दुसरं. यात रडण्यासारखं काय आहे?"

अरबीत 'मुलगी उंच' म्हटलं की वाक्य उभं राहतं. इंग्रजीला मधे 'इज'चा एक खांब लागतो. तो विसरला की मुतलक ओरडे, "पडला तंबू!" ज्यानं पाडला त्यानं उठायचं, दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, उचलायचा आणि सगळ्यांना कॉफी द्यायची. खलफ नावाचा एक मुलगा इतके तंबू पाडी, की लोक म्हणत, याला मास्तर नाही केलं तरी शेखच्या दारात कॉफी वाढायला नक्की ठेवतील.

गोष्ट किंवा कविता आली की मुतलकची एकच युक्ती होती. "सगळ्यांना आपल्या तंबूत आणा." गोष्टीत कुणीही असो. त्याला इथं कुठं बसवाल? यजमान कोण, पाहुणा कोण? कुणी कुणाची अब्रू राखली, कुणी घालवली? दूरदेशचे ते गोरे लोक मग मुलांना शेजारच्या तंबूतले वाटू लागत. मुलं हिरिरीनं भांडत, बाजू घेत, आणि भांडता भांडता धडा पाठ होई. आजूबाजूच्या वस्त्यांतही या युक्तीचं नाव झालं होतं. मुतलकला तिचा अभिमान होता. तो बोलून दाखवत नसे, पण होता.

त्याच्या त्या वर्षीच्या मुलांत तर्फा होती. पाण्याचा टँकर चालवणाऱ्या अव्वादची मुलगी. हाडकुळी, कमी बोलणारी, पण एकदा बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागे. तिला सुईण व्हायचं होतं. शिकलेली, कागदावर सही-शिक्का असलेली सुईण.

उम्म रतमला सुईण नव्हती. जुनी होती ती वारली. दवाखाना मआनला. मुतलकचा थोरला मुलगा जदआन त्या रस्त्यावरच, डॅटसन पिकअपच्या हौद्यात जन्मला होता. सगळी वस्ती त्याला 'डॅटसन' म्हणे. नाव ऐकून लोक हसत. फिद्दा हसत नसे. त्या रस्त्यावर आपण वाचणार नाही असं तिला वाटलं होतं, आणि ते ती विसरली नव्हती. तर्फानं सुईण व्हायचं म्हटल्यावर फिद्दानं तिला कनातीपलीकडची सगळ्यात उजेडाची जागा दिली.

उन्हाळ्यात तौजीहीचा निकाल लागला. ही शाळेची शेवटची परीक्षा, हिच्यापुढंच सगळी दारं. मुतलकच्या शिकवणीतली सहा मुलं बसली होती. पाच पास झाली, खलफसुद्धा. तर्फा बाकी सगळ्या विषयांत वर आणि इंग्रजीत दोन गुणांनी खाली.

करकच्या सुईणी शिकवणाऱ्या कॉलेजानं तिची जागा हिवाळ्यापर्यंत राखली. हिवाळ्यातल्या फेरपरीक्षेत इंग्रजी सुटलं तर ये, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीची. अव्वादनंही आपलं सांगून टाकलं, "हिवाळ्यापर्यंत थांबतो. नंतर मेंढरं आहेत, आणि मेंढरांना इंग्रजी लागत नाही."

निकालानंतर दोन दिवसांनी अव्वादनं मआनहून वर्तमानपत्र आणलं. त्यात त्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं छापली होती. मुतलकनं तंबूत बसून ती वाचली. तर्फानं आपली उत्तरं आठवून टिपलेली प्रश्नपत्रिका मांडीवर होती. तिचं व्याकरण चार ठिकाणी चुकलं होतं, ते त्यानं आधीच मान्य केलं होतं. तो उताऱ्याशी आला आणि थांबला.

उतारा असा होता. डोंगरात बर्फ पडतंय. एकटी राहणारी एक बाई. तिच्या दारात एक अनोळखी माणूस येतो, त्याची गाडी वाटेत मोडली आहे. बाई दार उघडते, त्याला नाव विचारते, कुठून आलास, काय काम करतोस विचारते. त्याचे भिजलेले बूट काढून घेते, विस्तवाजवळ ठेवते. मग त्याचा कॉफीचा कप काठोकाठ भरते. प्रश्न होता, त्या माणसाबद्दल बाईच्या मनात काय आहे? उताऱ्यातला आधार द्या.

तर्फानं लिहिलं होतं, तो माणूस लवकर जावा असं बाईला वाटतं.

वर्तमानपत्रात होतं, बाईला त्याचं येणं आवडलं आहे. ती उदार आहे.

"उदार?" मुतलकनं वर्तमानपत्र आपटलं. "दारात उभं करून नाव विचारते. तीन दिवस पाहुण्याला नाव विचारू नये एवढी अक्कल नाही. आणि कप काठोकाठ! काठोकाठ भरलेला कप हातात दिला तर माणूस काय समजेल? पी आणि चालता हो. हे शेंबडं पोरही सांगेल."

"पोरांनी तेच सांगितलं," तर्फा म्हणाली. "सहाच्या सहा जणांनी. खलफनं तर लिहिलं, की त्या माणसात जरा लाज असती तर त्यानं कप न पिता खाली ठेवला असता."

"बरोबर लिहिलं."

"आणि त्यालाही शून्य मिळालं. त्याचं दुसरीकडे भागलं. माझं नाही भागलं."

तर्फा कनातीच्या कडेला बोट फिरवत होती.

"उस्ताज, तुम्ही म्हणालात सगळ्यांना आपल्या तंबूत आणा. मी त्या बाईला आणलं. आपल्या तंबूत बसून तिनं तसा कप भरला असता तर ती वाईटच होती. पण ती आपल्या तंबूत नव्हती ना."

हे ती रागानं बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती शांतपणे बोलली.

"बोलावीन तेव्हा ये," तो म्हणाला. "आज कॉफी कुटू नकोस."

त्याला ओळखणाऱ्या कुणालाही यावरून कळलं असतं, की त्याला किती लागलं आहे.

चार दिवस त्यानं शिकवणी बंद ठेवली. लोकांना सांगितलं, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. पहिल्या दिवशी तो परीक्षकांवर चिडला. दुसऱ्या दिवशी त्या बाईवर. तिसऱ्या दिवशी चिडायला कुणी उरलं नाही. सहा मुलांनी एकच चूक केली, म्हणजे चूक मुलांची नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

फिद्दा त्याचं हे बसणं बघत होती. चौथ्या दिवशी पीठ मळता मळता, थोरल्याचा बाप म्हणून त्याला हाक मारत तिनं तोंड उघडलं.

"अबू जदआन, मआनच्या त्या हेडमास्तरांकडे आपण गेलो होतो. त्यांच्या बायकोनं तुर्की कॉफी दिली. कप कसा होता?"

"ती कॉफी वेगळी."

"कप कसा होता ते विचारते आहे."

"भरलेला होता. त्या कॉफीचा कप भरतातच."

"मग तुला हाकललं का त्यांनी?"

"काहीतरी काय बोलतेस! जेवायला ठेवून घेतलं."

"तुला राग नाही आला?"

"राग कशाला येईल? त्यांचं घर, त्यांची रीत. मी तिथं पाहुणा होतो."

एवढं म्हणून तो थांबला. फिद्दानं पिठाचा गोळा उचलला, हातांवर झुलवत कापडासारखा पातळ केला आणि तव्यावर टाकला. तिला एवढंच हवं होतं, की यानं घशाचं सोंग सोडावं आणि त्या मुलीला शिकवावं.

मुतलक बाहेर जाऊन बसला. कुणाच्या दारात गेल्यावर आपण काय करतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पाहुणा दारातून आत येतो तो आपले नियम बाहेर ठेवून. तो दाखवतील तिथं बसतो. समोर येईल ते खातो. यजमान काय करतो, कसं करतो, कुणाकडे बघतो, कुणाला टाळतो, हे गप्प बसून पाहतो. यजमान त्याला तीन दिवस काही विचारत नाही, आणि शहाणा पाहुणाही तीन दिवस घरच्यांना काही विचारत नाही. तिसऱ्या दिवशी त्या घराचं सगळं कळलेलं असतं.

इतकी वर्षं तो यजमान होऊन बसला होता. गोष्टींना आपल्या गादीवर बसवत होता आणि त्यांच्या चुका काढत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं तर्फाला बोलावलं आणि तोच बर्फातला उतारा पुढं ठेवला.

"आज त्या बाईच्या घरी आपण पाहुणे. तीन दिवस. रोज दोनदा वाच. मला काही विचारायचं नाही. बाई चांगली की वाईट, बोलायचं नाही. ती काय करते तेवढं बघायचं."

"आणि शब्द अडला तर?"

"शब्द विचार. बाईबद्दल विचारू नकोस."

"तीन दिवस?"

"तीन दिवस. मीही तेच करणार आहे."

खलफ पास होऊनही कॉफीच्या वासानं येत असे. तो म्हणाला, "उस्ताज, परीक्षेत तीन दिवस देणार आहेत का?"

"तू पास झालास ना? घरी जा."

पण प्रश्न खरा होता, आणि मुतलकला तो रात्रभर टोचला. उत्तर एकच होतं. आत्ता तीन दिवस लागतात ते काम इतक्या वेळा करायचं, की परीक्षेत ते तीन वाचनांत होईल. दुसरा रस्ता नव्हता. कष्टाला आडवाट नसते हे तो मुलांना सांगत आला होता. आता ते त्याच्याच बोकांडी बसलं.

तिसऱ्या दिवशी तर्फा आली तीच घाईघाईनं. चप्पल काढायच्या आधी बोलली.

"बूट, उस्ताज."

"काय बूट?"

"तिनं त्याचे ओले बूट काढून घेतले. विस्तवाजवळ ठेवले. ओले बूट सुकायला रात्र लागते. ज्याला घालवायचंय त्याचे बूट कुणी काढून घेतं का?"

मुतलकनं उताऱ्यावर बोट ठेवलं. बूट तिथंच होते. कपाच्या आधीच्या ओळीत. सहा मुलांनी ते वाचले होते, त्यानंही वाचले होते, आणि भरलेल्या कपाच्या रागात कुणालाच दिसले नव्हते.

"मला नव्हते दिसले," तो म्हणाला.

"तीन दिवस बघूनही?"

"मी अजून कपाकडेच बघत होतो."

कनातीपलीकडून फिद्दानं हसू दाबल्याचा आवाज आला.

मग उन्हाळा संपेपर्यंत आणि थंडी पडेपर्यंत ते दोघं लोकांच्या घरी जात राहिले. मुतलक मआनच्या शाळांतून जुन्या प्रश्नपत्रिका, फाटकी पुस्तकं, मिळेल ते आणी. एका गोष्टीत एक म्हातारा कुत्र्याला घरात घेतो, अंथरुणात झोपवतो. उम्म रतममध्ये कुत्रा बाटवतो म्हणून त्याला तंबूतही घेत नसत.

"उस्ताज, यावर मी गप्प बसू?"

"बस."

"कुत्रा अंथरुणात आहे!"

"तू पाहुणी आहेस. दुसरीकडे झोप, पण बघत राहा."

तिसऱ्या दिवशी तिनं दाखवलं, की अख्ख्या गोष्टीत त्या म्हाताऱ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही. दूधवाला बाटली ठेवून जातो तोही दार वाजवत नाही. मुतलकनं मान डोलावली. कुत्रा अंथरुणात ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत रुचली नाही. पण ते त्यानं स्वतःपाशी ठेवलं.

व्याकरणही सुटलं नव्हतं. रोज दहा वाक्यं. तंबू पडला की तर्फानं उठायचं, कॉफी द्यायची. ऐन थंडीत असा आठवडा आला, की तिला उठावंच लागलं नाही आणि फिद्दा म्हणाली, "आता कॉफी मलाच करावी लागणार."

अव्वाद कधी टँकर दारात उभा करून डोकावे. "तीन दिवस गप्प बसायला शिकवतोस म्हणे हिला?"

"हो."

"मग घरी का शिकत नाही? घरी तिची आई एक बोलली की ही चार."

"घरी ती पाहुणी नाही," मुतलक म्हणाला.

"पास होईल का पण?" अव्वादनं हलक्या आवाजात विचारलं. मुलीला ऐकू जाऊ नये असं. मेंढरांचं बोलणं वरवरचं होतं हे मुतलकला तेव्हा कळलं.

"कष्ट पुरे झालेत. होण्याचं मी सांगू शकत नाही."

परीक्षेच्या सकाळी दवबिंदू गोठले होते. अव्वादनं टँकर काढला. पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं, मुलगी मधे. ती आत गेली तेव्हा दोघं पुरुष शाळेच्या भिंतीला पाठ टेकून उन्हात बसले. अव्वाद सिगारेटी ओढत राहिला. मुतलकनं खिशातून खजूर काढले आणि दोघांनी ते संपवले.

ती बाहेर आली ती ना हसत, ना रडत.

"कसा गेला?" बापानं विचारलं.

"खांब सगळे उभे आहेत. उताऱ्याचं माहीत नाही."

टँकर सुरू झाल्यावर तिनं उतारा सांगितला. एक मुलगा बोटीवरच्या नोकरीसाठी पहाटे घर सोडतो. आई फाटकापर्यंत येते. बाप येत नाही. बाप अंगणात लाकडं करवतत बसलेला. मुलगा हाक मारतो, बाप मान वर करत नाही. घोडागाडी निघते, वळण घेते, दिसेनाशी होते. गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो तेव्हा करवत थांबते. प्रश्न, बाप लाकडं का कापत होता?

"बाप आहे की दगड!" अव्वाद म्हणाला. "मुलगा समुद्रावर निघालाय आणि हा करवत चालवतो!"

तेच मुतलकच्याही मनात आलं होतं. उम्म रतममध्ये परका पाहुणा निघाला तरी माणूस चार पावलं सोडायला जातो. पोटच्या मुलाला पाठ दाखवणारा बाप त्याला एकाच प्रकारचा दिसत होता.

"तू काय लिहिलंस?"

"त्याला मुलाचं जाणं बघवत नव्हतं, असं लिहिलं."

अव्वादनं स्टिअरिंगवर हात मारला. "तर्फा! लाकडं कापणाऱ्याला बघवत नाही होय? तो रागावलाय. मुलानं त्याचं ऐकलं नाही म्हणून रागावलाय. सरळ आहे."

"रागावला असेल, बाबा. पण उताऱ्यात दोन ओळी आहेत. एक, अंगणातली लाकडाची रास आधीच छपराला टेकली होती. मग तो आणखी कशासाठी कापत होता? दुसरी, आवाज ऐकू येईना तेव्हा करवत थांबली. तोवर तो ऐकत होता."

"हे तू लिहिलंस?" मुतलकनं विचारलं.

"दोन्ही ओळी लिहिल्या."

"किती वेळा वाचलास?"

"तीन."

त्याला म्हणायचं होतं, मला हे पटत नाही. त्यानं ते गिळलं. लिहून झालेल्या उत्तरावर आता शंका घालून तिची झोप उडवण्यात अर्थ नव्हता. पण त्याची स्वतःची उडाली. मुलीला आपणच पाहुणी केलं. ती त्या घरात फार आत तर नाही ना गेली? एवढा एक उतारा गेला आणि जागा गेली, तर तिला काय सांगायचं? दुसऱ्यांदा माझ्याच युक्तीनं बुडालीस?

तिची प्रश्नपत्रिका त्यानं मागून घेतली. रोज दोनदा वाचू लागला. पहिल्या दिवशी बाप त्याला निर्दयच दिसला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो शाळेतून परतला तर जदआन दारात उभा होता. सतरा-अठरा वर्षांचा झाला होता. अकाबाच्या बंदरात काम आहे, मामा नेतो म्हणतोय, जाऊ का, असं विचारत होता. मुतलकनं त्याच्याकडे न बघता तंबूची एक दोरी ताणायला घेतली. दोरी ताणलेलीच होती. ती सोडली आणि पुन्हा बांधली. "बघू," म्हणाला. जदआन गेल्यावर तो हातातल्या दोरीकडे बघत राहिला.

मग तो सरळ अव्वादच्या घरी गेला. तर्फा अंगणात मेंढीचं दूध काढत होती. बादली तशीच ठेवून उभी राहिली.

"निकाल लागला?"

"नाही. मी चुकलो होतो ते सांगायला आलो. तो बाप दगड नव्हता. तू लिहिलंस ते बरोबर."

तर्फा त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला त्या दिवशी पटलं नव्हतं?"

"नव्हतं. बापाच्या पाठीकडे बघत बसलो. लाकडाची रास आत्ता दिसली. आता परीक्षकांना काहीही वाटो. तुझं वाचन बरोबर आहे, हे माझ्याकडून घे."

ती खाली बसली. बराच वेळ दुधाच्या धारांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "मला आता निकालाची भीती कमी वाटते, उस्ताज."

"मला नाही वाटत कमी," मुतलक म्हणाला आणि घरी गेला.

निकाल गुरुवारी आला. अव्वादनं तो मआनला पाहिला आणि टँकरचा भोंगा वाजवतच रस्ता कापला. वस्तीत शिरला तरी भोंगा थांबेना. कुणाची मेंढरं एकीकडे, कुणाची दुसरीकडे. बायका ओरडत बाहेर आल्या. फिद्दा पिठाच्या हातांनी धावत गेली, अव्वादला आधी शिव्या दिल्या आणि मग तर्फाला मिठी मारली. पोरीच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले. इंग्रजीत ती चांगली पंधरा गुणांनी वर होती.

आठवड्यानं ती करकला गेली. सोडायला टँकरमधून अर्धी वस्ती गेली. मुतलकही रस्त्यापर्यंत गेला, हात वर केला, आणि गाडी धुळीत नाहीशी होईपर्यंत तिथंच थांबला.

पण हे नंतरचं. निकालाच्या दिवशी दुपार कलल्यावर नवी मुलं तंबूत जमली होती. कुणाचं लक्ष नव्हतं. बाहेर आनंदानं हवेत बंदुकीचे बार उडत होते, कुणीतरी बकरा कापायच्या गोष्टी करत होतं.

"उस्ताज, आज सुट्टी द्या ना," एक मुलगा म्हणाला. "निकाल लागलाय."

"निकाल तिचा लागलाय," मुतलक म्हणाला. "तुझा पुढल्या वर्षी आहे. कॉफी कुटून झाली?"

"नाही."

"मग उठ. आणि बाकीच्यांनी पुस्तकं उघडा. आज आपल्याला एका घरी जायचंय."